ओढणीतला नारळ

ती. आईस, लातूरहून राजकन्याचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत हाय. दवाखान्यातली ड्युटी सरावाची झाली. गुडघ्याला तेल लावतेस ना? मी मावशीकडं राहते, फोन केला की ती शेजारीच बसते, म्हणून पत्र लिहून राहिले.

परवा बरी होऊन गेलेली एक पेशंट मावशीकडं आली. "लई सेवा केलीस," म्हणत ओटी भरू लागली. ओटीला न्हाई म्हणू नये, तूच शिकवलंस. आभाराचा नारळ समजून मी ओढणी पसरली. आता मावशी म्हणते, त्या पेशंटच्या लेकासाठी तो माझा होकार झाला. मी तर होकार दिलाच न्हाई.

रविवारी ती माणसं कंधारला येतील. बाबा आता न्हाईत, म्हणून नारळ तुझ्याच हातात देतील; तू घेतलास की लग्न पक्कं. चहा आधी कर. नारळ पुढं करतील तेव्हा तुझे दोन्ही हात पिठात असू दे.

तुझीच,
राजकन्या