ठोकळ्यातला दंडगोल

आई, तू गेल्यावर तुझी लाकडी पेटी मी माळ्यावर टाकली होती. या उन्हाळ्यात ती खाली काढली आणि तेव्हापासून घरात जे चाललंय ते तुला सोडून कुणाला सांगू? सुनेला सांगितलं तर म्हणेल, मम्मींचं आता वय झालं.

मुकुंदवाडीच्या आपल्या खोलीत तू बालवाडी चालवायचीस. प्रशिक्षणाहून परत येताना तू पुस्तकांतून युरोपातले तीन जुने शिक्षक सोबत आणलेस आणि ते पाहुण्यांसारखे आले ते राहिलेच. एकानं लढायांत घरदार गमावलं, तरी लेकरांच्या पुस्तकात चित्रं घातली. दुसऱ्यानं अनाथ पोरं गोळा केली. त्याचं म्हणणं, आधी वस्तू हातात द्यावी, मग तिचं नाव सांगावं. तिसरा तुझा लाडका जर्मन, ज्यानं बालवाडी ही गोष्टच काढली. पोरांबरोबर माळावर नाचतो म्हणून लोक त्याला वेडा म्हणायचे. "मला तरी मुकुंदवाडी कुठं शहाणी म्हणती?" भाकरी थापता थापता तू हसायचीस. त्याची आई तो तान्हा असतानाच गेली होती, हेही तूच सांगितलंस. मग लेकराला कसं खेळवायचं हे त्याला शिकवलं कुणी, असं मी विचारलं, तर तू तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "कुणीतरी येऊन शिकवलं असंल." त्या रात्री मी तुझ्या कुशीतून हलले नव्हते.

त्या जर्मनानंच योजलेली खेळणी तू स्टेशनाजवळच्या सुताराकडून कडुनिंबाच्या लाकडात करून घेतलीस: चेंडू, दंडगोल आणि चौकोनी ठोकळा. अजून डोळ्यांसमोर आहे. तू ठोकळा दोऱ्यानं शिंक्याच्या हुकाला टांगतेस, पीळ देतेस, सोडतेस. ठोकळा गरगरतो, त्याचे कोपरे विरतात आणि मधोमध गुळगुळीत दंडगोल उभा राहतो, जो तिथं नाहीच. मी तो धरायला जाते. तू माझ्या मनगटावर चापट मारतेस. "हात मागं घे, बये. येऊ दे त्याला." चापट लागली नव्हती, पण कोण येणार आहे या विचारानं माझ्या अंगावर काटा आला होता.

आता ऐक. माझी नात चौथ्या वर्षात आहे आणि एक शब्द बोलत नव्हती. कान ठीक आहेत, डॉक्टर म्हणतात, वाट बघा. मुलगा आणि सून सकाळीच चिकलठाण्याला कंपनीत जातात, दिवसभर पोर माझ्याकडे. सून घरी आली की चप्पल काढायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघते, आज काही बोलली का म्हणून. मला ते बघवेना. मीही जन्मभर शाळेत शिकवलं, पण सगळे उपाय थकल्यावर तुझा रस्ता आठवला. पेटीतला ठोकळा खिडकीच्या गजाला टांगला आणि पीळ देऊन सोडला. पोर बघत राहिली. मी दोरा सरळ करायला हात पुढं केला, तर स्वच्छ आवाजात म्हणाली, "हात मागं घे, बये."

आमच्या घरात बये कुणी म्हणत नाही, आई. मी तर या घरात तो शब्द कधी उच्चारलाही नव्हता. सुनेनं आनंदानं पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच पुडक्यात परत ठेवला. पुढं पोर रोज बोलू लागली, पण ठोकळा फिरत असतानाच, आणि बोलण्याआधी कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान तिरकी करून. चटईवर आपल्या शेजारी जागा सोडायची. मी तिथं बसायला गेले तर मला ढकललं. "तिथं नाय. तिथं बाई बसल्यात." बालवाडीतली सगळी पोरं तुला बाईच म्हणायची, हे तिला कुणी सांगितलं? तुझा फोटोसुद्धा मी कपाटात ठेवते, बघवत नाही म्हणून.

मी घाबरले. पेटी पुन्हा माळ्यावर टाकली. पोर गप्प झाली, अगदी पहिल्यासारखी. सुनेनं आठवडाभर कळ काढली, मग स्वयंपाकघरात माझा हात धरून रडली. "मम्मी, असं काय झालं हो? चांगली बोलत होती ना."  दुसऱ्या दिवशी दुपारी स्टूल लावून पेटी उतरवली. आता पोर बोलते, सून हसते, आणि मी तिला नि शेजाऱ्यांना सांगते की ही त्या जर्मन माणसाची पद्धत आहे, पुस्तकात आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. सुनेला वाटतं, तिचं रडणं बघून मी स्टुलावर चढले. तिचं रडणं मी आणखी कितीतरी दिवस बघू शकले असते, आई. मलाच तुझा आवाज ऐकल्याशिवाय राहवेना.