स्कार्फची टोपली

चिमणे,

नवे पास्टर म्हणाले, "काका, डोकं झाकायचं की नाही ते बायकांचं बायका ठरवतील. टोपली घरी न्या." वीस वर्षं ती धरून मी चर्चच्या दारात उभा राहिलो. उघड्या डोक्याची बाई दिसली की स्कार्फ पुढे करायचा.

तुझ्या आईच्या अंत्यविधीला तुझ्यापुढेही केला. तू म्हणालीस, "बाबा, आज तरी नको." चार लोक काय म्हणतील म्हणून मी दार लावून घेतलं.

प्रार्थनाभर दाराखालच्या फटीतून तुझे बूट दिसत होते. शेवटच्या 'आमेन'ला दार उघडलं, तर पायरी रिकामी. पत्ताही ठेवला नाहीस.

या रविवारी बायका उघड्या डोक्यानं आत आल्या. मी एकीच्याही डोक्याकडे पाहिलं नाही. बूट बघत होतो.

दार लावणारा,
तुझा बाबा