दाराबाहेरचा झेंडा

प्रिय आस्गर,

आज नर्सिंगची पुस्तकं ग्रंथालयात परत द्यायला काढली. मानसशास्त्राच्या पुस्तकात तुला आलेलं हॉस्पिटलचं पत्र निघालं. तारीख फेब्रुवारीची. जुलैत तू मला म्हणालास, "कालच कळलं." ऑगस्टमध्ये गेलास.

म्हणजे जूनमध्ये माझी तोंडी परीक्षा झाली, तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

पन्नाशीत शिकायला बसलेल्या बायकोला रोज संध्याकाळी प्रश्न विचारायचास.

"स्वादुपिंडाचा कर्करोग. लक्षणं सांग."

"परत तेच? डोकं नको खाऊस."

"तिथेच अडतेस तू, विबेकेबाई. सांग."

मी घडाघडा म्हणायचे: पाठ दुखते, भूक मरते, वजन उतरतं. तू पाठीमागे उशी सरकवत मान डोलवायचास. पट्ट्याला सुरीने नवं भोक पाडलंस, तेव्हा मी म्हटलं, "बारीक झालास. शोभतं तुला."

जन्मभर शाळेत साहित्य शिकवलंस. गोष्टीचा शेवट वाचकाच्या डोळ्यांदेखत लपवावा, म्हणायचास. अरे, मी वाचक नव्हते, बायको होते! ते पाच महिने माझेही होते. त्यांचं काय करायचं, ते तू परस्पर ठरवून टाकलंस.

परीक्षेत चिठ्ठी उचलली, नेमकं तेच प्रकरण. शेवटी परीक्षकबाईंनी विचारलं, "असा रुग्ण समोर आला, तर ओळखाल?"

"बघताक्षणी," मी म्हणाले.

पैकीच्या पैकी गुण मिळाले. परीक्षेच्या खोलीचं दार उघडलं, तर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे अभिनंदनाचा कागदी झेंडा हलवत तू समोर उभा.

उत्तीर्ण झालेली,
विबेके