दोरा बांधलेला हेडफोन

वस्तीवरून, ता. श्रीरामपूर
दि. २३ नोव्हेंबर २०२५, रविवार

चिरंजीव तुषारला आजी सुमनबाईचा जय भीम, आणि डोक्यावरून हात.

इकडे सगळे खुशाल आहेत. ‘खुशाल’ प्रज्ञाने घातलंय, पत्र असंच सुरू करतात म्हणाली. राहू दे. मी बोलते, तुझी बहीण लिहिते आणि मधेमधे तोंड वाकडं करते. तुझ्या बापाचा गुडघा परत धरलाय. शेळीला दोन करडं झाली, दोन्ही तुझ्यावर गेलीत, दिवसभर तोंड चालू. राजा आता नाही. त्याचं पुढे सांगते.

फोन का केला नाही म्हणशील. तुझ्या आईच्या मोबाईलवर बोललं की ते अख्ख्या घराला ऐकू जातं. म्हणून हा कागद हेडफोनच्या खोक्यात घालतेय. उद्या भिमाजी टेम्पो घेऊन चाकणला येतोय, तो तुझ्या दुकानावर खोकं टाकील.

तू दोन हेडफोन पाठवलेस आणि म्हणालास, आजी, तू पंच, दोन्ही ऐक, एक ठेव, एक परत कर. अरे, जुळी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात. शेवटी मी जुन्या लुगड्याच्या काठाचा हिरवा दोरा काढून एकाला बांधला. प्रज्ञाने लगेच बिनदोऱ्याचा उचलला आणि आठ दिवस कानावरून काढला नाही. कॉलेजच्या एसटीत तोच, वाटेनं तोच. हाक मारली तर ऐकू येईना. मी म्हटलं, म्हातारी मी आणि बहिरी तू.

आता माझा निवाडा ऐक. दोन्हींवर तीच भीमगीतं लावली. दोऱ्याच्या हेडफोनात ढोलकी पत्र्यावर बडवल्यासारखी वाजते, गाणारी बाई शेजारच्या वस्तीवर बसून गातेय असं वाटतं, आणि गाण्यात आपली मोटार, कोंबड्या, तुझ्या आईची कुरकुर, सगळं येतं. तांदळात खडे यावेत तसं. बिनदोऱ्याच्यात खडा नाही. पेटीवाल्याने बोट उचललेलं कळतं. बाई ओळीआधी श्वास घेते, तो माझ्याच मानेवर पडल्यासारखा वाटतो. बाहेरचा आवाज हा हेडफोन खाऊन टाकतो, असं प्रज्ञा म्हणाली. खातो खरा.

म्हणजे चांगला कुठला, हे तुला कळलंच असेल. प्रज्ञा मान हलवतेय, तिला वाटतंय निकाल तिच्या बाजूने लागला.

लिही, पुढे लिही.

गेल्या रविवारी तुझे आईबाप दहाव्याला गेले होते. ऊन उतरलं होतं. मी अंगणात बाजेवर बसले आणि प्रज्ञाच्या कानावरचा बिनदोऱ्याचा काढून घेतला, म्हटलं पंचाला शेवटचं एकदा ऐकू दे. ती रुसली, दोऱ्याचा घातला आणि नळावर भांडी घासायला बसली. उकिडवी, उसाकडे पाठ करून. ऊस आता दोन पुरुष वाढलाय. तोडणीची टोळी अजून आली नाही.

गाणं रंगात आलं होतं. समोर राजा साखळीला ताण देऊन उभा होता. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज मात्र नाही. माझ्या कानात पेटी आणि त्याच्या तोंडाची उघडझाप, दोन्हींचा ताल जुळला. मला हसू आलं. म्हटलं, हा बाबा कोरसला उभा राहिला.

मग तो कुठे बघतोय तिकडे मी बघितलं.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला लांबचं लख्ख दिसतं. झालं नसतं तर बरं होतं. उसाच्या कडेला, पाचटाच्या रंगाचं, पाचटातच बसलेलं होतं. पोट जमिनीला. नुसते कान हलत होते. प्रज्ञाच्या पाठीपासून आपल्या गोठ्याच्या लांबीइतकंही अंतर नसेल. तिची वेणी पुढे-मागे होत होती, भांडं घासताना होते तशी, आणि ते त्या वेणीकडे बघत होतं.

मी त्याचं नाव घेत नाही. प्रज्ञा, तू लिही. बिबट्या, लिहिलंस? हात का थांबला? लिही बाई.

तेवढ्यात ही उठली. राजाचा आवाज हिला त्या दोऱ्याच्या हेडफोनातून ऐकू आला होता. पातेलं हातात घेऊन उभी राहिली आणि त्याला दटावलं, गप रे मेल्या. बसलेली पोरगी एकदम उभी राहिली तसं ते दचकलं. पाण्यातून पाय काढून घ्यावा तसं मागच्या मागे उसात गेलं. एक पान हललं नाही. हिने उसाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. राजाला शिव्या देत, भांडी घेऊन घरात आली.

त्याच रात्री राजा गेला. सकाळी साखळी आणि पट्टा राहिला होता. ते सगळ्यांना माहीत आहे. वन खात्याची माणसं येऊन पिंजरा लावून गेली, आत कोंबडी ठेवली. ती दाणे खाऊन लठ्ठ झालीय, जावई असल्यासारखी बसते. पण संध्याकाळचं मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या बापाला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी हिचं नर्सिंगचं कॉलेज बंद करील. तो वाईट नाही, घाबरट आहे. माझ्यावर गेलाय.

आणि प्रज्ञाला तोंडावर सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. आज ती लिहिता लिहिता ऐकतेय.

तुषार, मला लई भीती वाटते रे. आठ दिवस मी भाकरी गिळते, खात नाही. ही साडेपाचच्या एसटीने उतरते. तिथून वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, आणि हिच्या कानावर तो चांगला हेडफोन. आता भुंकायला राजापण नाही. कोंबडं खाकरलं तरी मी दारात जाते. परवा वाऱ्याने पाचट वाजलं तर मी करडं घरात घेतली, आणि तुझी आई म्हणाली, आत्याबाईंना चळ लागला.

तर एवढं कर. बापाला फोन कर आणि तुझ्याच मनातलं म्हणून सांग, की परीक्षा जवळ आलीय, ऊस तुटेपर्यंत प्रज्ञाला श्रीरामपुरात तिच्या मैत्रिणीकडे, मोनिकाकडे राहू दे. मोनिकाच्या आईला मी शेंगदाणे पाठवते. माझं नाव काढू नको.

बिनदोऱ्याचा हेडफोन खोक्यात परत घालतेय. मालकाला सांग, वस्तूत खोट नाही, म्हणूनच परत पाठवलीय. दोऱ्याचा आम्ही ठेवला. आमच्या गाण्यात खडे असू देत.

आता एक राहिलं, ते मला हिलाच विचारायचंय. त्या वेळी मी हाक मारली. सगळा जीव लावून मारली, असं मला आठवतं. पण कानावर ते होतं, माझाच आवाज मला आला नाही. म्हणून मी आत्ता हिला विचारलं, प्रज्ञा, तू माझी हाक ऐकली का?

ती म्हणाली, “न्हाई आजी. मी वळले तवा तू हसत हुतीस. मला वाटलं, गाणं आवडलं.”

तेही लिही म्हटलं.

लिहिलंय का नाही, मला वाचता येत नाही. तू फोन करशील तेव्हा, आई जवळ नसली तर, मला हे शेवटचं वाचून दाखव.

रोज साडेपाचला रस्त्याकडे तोंड करून, उघड्या कानांनी बसणारी,
तुझी आजी
सुमनबाई