फिका मासा

नांदेड, ९ डिसेंबर २०२४

ती. सिंधुअक्कास,
अनंताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून हे पत्र. कुसुम गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने आणलेला लाल पॅरट मासा तुला आठवत असेल. मी टँकपाशी गेलो की तो अजून काचेला तोंड लावतो. अलीकडे तो मला फिका दिसतो, लाल पेरूच्या गरासारखा. सूनबाईंना सहज विचारलं, मासा लालच आहे ना, तर शिल्पा म्हणाली, हाव मामा, लालभडक हाय की. म्हणजे खोट माझ्या डोळ्यांतच. आपल्या दादांचं असंच सुरू झालं होतं ना? आधी रंग गेले, मग माणसंही दिसेनाशी झाली.

जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, अक्का. आता टोमॅटोकडेही संशयाने बघतो. नात मनू रविवारी रंगपेटी घेऊन येते. तिला चुकीचं शिकवण्यापेक्षा नकोच, म्हणून कंटाळा आला असं सांगून टाकलं. पोरगी रुसली आहे. डॉक्टरकडे जायचा धीर होत नाही. कुणाला सांगू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा अनंता

उदगीर, १३ डिसेंबर

चि. सौ. शिल्पास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्याने कुणाला सांगू नको म्हटलंय, पण मी थोरली आहे, मला चालतं. त्याला मासा फिका दिसतो आणि तू लालभडक म्हणालीस. तेव्हापासून आपली नजर चालली असं धरून तो मनातून खचलाय. मनूला शिकवणं त्यापायीच बंद केलंय.

दिवाळीत तू सजवलेल्या टँकचा फोटो पाठवला होतास, तो पुन्हा काढून पाहिला. बाई गं, मलाही मासा फिकाच दिसला, आणि मी अजून सुईत दोरा ओवते. शेजारच्या नागम्माला दाखवला, तर तीही म्हणाली की ह्यो काही लाल न्हाई. काय असेल ते त्याला खरं सांग. मी रागावले नाही. तुझ्या हातच्या लोणच्याची बरणी मात्र संपली आहे.

माया करत जा.
सिंधुआत्या

नांदेड, १८ डिसेंबर

ती. आत्याबाईंना,
शिल्पाचा शि. सा. न.

पत्र मिळालं. मासा फिकाच आहे, आत्याबाई. मला केव्हाच दिसलं होतं. सासूबाईंची तेवढीच जिती आठवण. मामांनी विचारलं तेव्हा त्यांचं मन मोडवेना, म्हणून लाल म्हणून मोकळी झाले. ते स्वतःच्या डोळ्यांना दोष देतील असं स्वप्नातही आलं नाही.

दुकानात जाऊन विचारलं. दिवाळीला मी काळी वाळू काढून पांढरे खडे घातले होते, मागचा कागदही पांढरा लावला होता. भोवती सगळं पांढरं झालं की मासा उठून दिसू नये म्हणून आपला रंग आवरता घेतो, असं दुकानदार म्हणाला. दुखणं काही नाही.

मग मामांना टँकपाशी बसवून सगळं सांगितलं. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले की खरंच फिका आहे का, मनूची शपथ घे. घेतली. तेव्हा इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. तुमचे उपकार कसे फेडू? लोणचं बसने पाठवते.

आशीर्वाद असू द्यावा.
आपली शिल्पा

नांदेड, ५ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न.

गुपित फोडलंस म्हणून रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तुझे आभार कोणत्या शब्दांत मानू? डॉक्टरांनाही दाखवून आलो, चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय. शिल्पाला काही बोलू नकोस. माझं मन राखायला खोटं बोलणारी सून मिळाली, हे माझं नशीब.

तिने काळी वाळू धुऊन ठेवली आहे. मीच म्हटलं, एक दिवस थांब. मनूला टँकसमोर बसवलं आणि सांगितलं की दिसतो तसाच रंगव. ती लालात पांढरा कालवत गेली. मी दोनदा चष्मा पुसला, अक्का, खोटं कशाला सांगू. एका क्षणी मी म्हणालो, बस, हाच. मनूने कुंचला काचेला लावून धरला. मासा पोहत पोहत आला आणि त्या रंगापाशीच थांबला. पोरगी ओरडली की आजोबा, सेम टू सेम!

लोभ वाढता ठेव.
तुझा अनंता