उलट्या फेरीचा रुमाल

प्रिय कुसुम,

काल सांगलीच्या पेठेत जाऊन आले. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. तिथं जे कळलं ते घरात कुणाला सांगायची सोय नाही, आणि पोटात ठेवलं तर जपाला बसले तरी माळ पुढं सरकत नाही. म्हणून हिशोबाच्या वहीची मागची कोरी पानं घेतली आहेत. त्यासाठी नवा कागद कशाला आणू?

तुला माहीतच आहे, मी संशयी. मेढ्याच्या शाळेत शिवणाच्या बाईंनी आपल्या दोघींना क्रोशाची सुई एकदमच हातात दिली. तू टाक्यांचे खांब घालत सुटलीस आणि मी आधी विचारलं, "बाई, सुई गंजकी तर नाही ना?" मॅट्रिकनंतर तू सांगलीला दिलीस, मी साताऱ्याला. पण दरवर्षी दसऱ्याआधी मी एसटीनं तुझ्याकडं यायची, आणि आपण पेठेत दोरा आणि लोकर आणायला जायचो. तू रंगावर भाळायचीस. मी दोऱ्याचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासून बघायची, रंग जातो का ते! दुकानदार म्हणायचा, "वैनी, माझ्यावर न्हाई तर न्हाई, निदान दोऱ्यावर तरी इश्वास ठेवा." तू हसून हसून बाकावर बसायचीस.

मग दोन वर्षांपूर्वी तू माझ्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासाठी तो गोल रुमाल पाठवलास. उलगडला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तुझा हात मी पन्नास वर्षं ओळखते गं! आपली विणीची फेरी ज्या बाजूनं फिरते त्याच्या उलट बाजूनं ही फेरी फिरलेली. सगळे खांब भलतीकडं कललेले. हा हात कुसुमचा नव्हे. विकत आणलास आणि स्वतः केला म्हणून पाठवलास!

फोनवर विचारलं, "तूच केलास ना?"

"मग कोण करणार? शेजारीण?"

एवढं बोलून तू विषयच बदललास. संशय आणखी घट्ट झाला.

दसऱ्याला आले तेव्हा तुझ्यावर डोळा ठेवूनच होते. चहा सुनेनं केला. तुझा उजवा हात सारखा पदराखाली. मला वाटलं, नव्या पाटल्या केल्यात आणि मला दाखवायच्या नाहीत! दुकानात यायला तू नाही म्हणालीस, तेव्हा वाटलं, दुकानदार खरं बोलून जाईल ही भीती. मी म्हटलं, "घाल बघू माझ्यासमोर चार खांब." तू म्हणालीस, "आज डोळे चुरचुरतायत गं." डोळ्यांत तर काहीच दिसत नव्हतं.

निघताना मी उंबऱ्यात उभी राहून बोलले ते तुलाही आठवत असेल. "कुसुम, देवाला विकतचं चालतं. खोटं चालत नाही."

का नाही भांडलीस माझ्याशी? एरवी दोऱ्याच्या गुंड्यावरून भांडायचीस!

रुमाल मी ट्रंकेत टाकला, देवाखाली घातला नाही. पुढच्या दसऱ्याच्या आत तू गेलीस. तुझ्या दिवसांना आले तेव्हाही, देव क्षमा करो, माझं लक्ष भिंतीवरच्या क्रोशाच्या तोरणाकडं होतं. तेही उलटंच दिसत होतं.

काल तो रुमाल पिशवीत घालूनच गेले. दुकानदाराला दाखवला. "हा माल तुमच्याकडचा का? कुठल्या कारखान्यातून येतो?"

त्यानं चष्मा वर केला. "आवं वैनी, ह्यो तर कुसुमताईंचा. हितंच बाकावर बसून डाव्या हातात सुई धरून बघायच्या, कुठली हलकी पडती ती. उजवा हात धड चालत नव्हता की त्यांचा."

माझा विश्वास बसेना. सुनेनं पढवून ठेवलं असेल! मी काउंटरवरची सुई उचलली, डाव्या हातात धरली आणि दोरा घेतला. वेडेवाकडे का होईना, चार खांब घातले. कुसुम, ते भलतीकडंच कलले. तुझ्या रुमालातल्यासारखे. आपल्या वर्गात एक डावरी मुलगी होती, तिलाही बाईंनी छडी दाखवून उजव्यानंच शिकवलं. मग डाव्या हाताची फेरी मला कशी ठाऊक असणार?

तिथून तडक तुझ्या घरी गेले. तुझी सून सुजाता दार उघडते न उघडते तोच म्हटलं, "उजवा हात कधी गेला तिचा? आणि मला का सांगितलं नाही?"

"मावशी, आधी आत तर या."

तिनं तुझी टोपली पुढं ठेवली. तळाशी रुपयाएवढे सरावाचे वेडेवाकडे गोल, कितीतरी! आणि दोरा सगळा कुरळा झालेला, उसवून उसवून परत वापरलेला. मी टोपलीचा तळसुद्धा हात घालून चाचपला. दुकानाची एखादी पावती सापडते का बघत होते. आता तुझ्यापासून काय लपवू?

"सांगायचं तरी होतं मला," मी म्हटलं. "मी काय परकी?"

सुजाता म्हणाली, "राग नाही ना येणार? मी लग्न होऊन आले तेव्हा सत्यनारायणाचा प्रसाद तुम्हाला चुकून डाव्या हातानं दिला. तुम्ही हात मागं घेतला आणि मला तो उजव्यानं परत द्यायला लावला. आत्या म्हणायच्या, सुमनला कळलं तर देवाचं काम ती डाव्या हाताचं घेणार नाही. म्हणून मलाही शपथ घातली होती."

मी तिच्याकडं बघू शकले नाही. खरं सांगू? तेव्हा कळलं असतं, तर मी तो रुमाल घेतला नसता. गोड बोलून परत पाठवला असता.

मग मीच तिला विचारलं, त्या दिवशी मी उंबऱ्यातून बोलले ते कुसुमला लागलं का?

"तुम्ही गेल्यावर हातातलं होतं तेवढं सगळं उसवलं त्यांनी," ती म्हणाली. "रात्री जेवल्या नाहीत. सकाळी बघते तर पहिल्या साखळीपासून परत चालू."

"कुणासाठी?"

"तुमच्याच बाळकृष्णाची टोपी होती, मावशी."

ती टोपी तिनं मला दिली नाही. म्हणाली, अर्धी राहिली आहे, आत्यांनी शिकवलंय तसं मीच पुरी करणार. मी मागितलीही नाही. कुठल्या तोंडानं मागू?

कुसुम, तू एवढं लपवलंस याचा राग अजून गेलेला नाही. दुखत होता का गं हात? सुजाता नाही म्हणते. मला ते खरं वाटत नाही.

पण एक वचन देते. शंका आली तर यापुढं समोर बसून, सरळ विचारीन. देवाला मध्ये घालून कुणाला टोचून बोलणार नाही. आणि समोरच्यानं उत्तर दिलं की ते धरून चालेन, खोदत बसणार नाही. हिला हे जमायचं नाही, अशी शंका तुला येईल. येऊ दे. एवढ्या वर्षांत एकदा तरी तू माझ्यावर संशय घे.

तुझीच,
सुमन