बाबांच्या पायाचा ठेका

प्रिय घुम्या,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू दोनच गोष्टी म्हणतोस, ‘हं’ आणि ‘बघतो’, आणि दोन्हींचा अर्थ ‘नाही’ असतो हे मी तू बोलायला लागल्यापासून ओळखून आहे. शिवाय घरात कुठल्याही कोपऱ्यातून बोललं तरी बाबांना ऐकू जातं. झटक्याने बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, पण कान होते तसेच तिखट आहेत. म्हणून खाली दुकानात, त्यांच्या कामाच्या टेबलाशी बसले आहे. समोर कुणाचं तरी मान मोडलेलं व्हायोलिन पडलंय. सरस गरम करायला ठेवते, दोन ओळी लिहिते, तोवर तो थंड होतो, उठून पुन्हा गरम करते. सकाळपासून हेच चाललंय. माझं चित्त थाऱ्यावर नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी घरची खबर. तू हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून, एक शब्द न बोलता निघून गेलास, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना घरी आणलं. पलंग खिडकीशी लावलाय. चिडचिड पूर्वीइतकीच आहे, फक्त शब्द नसल्यामुळे ती कुणाला लागत नाही. खोटं कशाला बोलू, मला लागते. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येतात. मोठ्या गोड आहेत. बाबांकडून ‘आ’ म्हणवून घेताना स्वतःच एवढा मोठा आ करतात की बाबा त्यांच्या दाढा बघत बसतात. त्यांनी सांगितलं, नुसत्या औषधांवर राहू नका, यांच्या घरात आयुष्यभर जे वाजलं ते वाजवा आणि कशाने काय होतं ते नीट बघा. म्हणून मी माळ्यावरचं टेपचं खोकं खाली काढलं, आणि दुपारची आमची मैफल सुरू झाली.

मी या घरात जन्मले, पण ऐकायला आत्ता शिकते आहे. पूर्वी काही वाजत असलं तर मी भांडी घासत असायचे. आता बाबांच्या चेहऱ्यावरून ऐकावं लागतं. संथ काही असलं, खालच्या जाड तारेवर, व्हायोलिनचा बो न उचलता लांबवलेलं, की त्यांचे खांदे सैल होतात आणि डाव्या हाताची बोटं चादरीवर दाबली जातात, तारेवर पडली असती तिथेच. जलद, चमचमतं काही लागलं की खिडकीबाहेर बघतात. नुसत्या पळापळीचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा. कुणी बेसूर झालं की डावी भुवई वर. दोन वाद्यं एकमेकांशी बोलत चालली असली, एकाने विचारलं आणि दुसऱ्याने उचललं, की त्यांचे डोळे इकडून तिकडे फिरतात, खोलीत दोन पाहुणे बसल्यासारखे. मग मीही तसंच ऐकायला लागले. आधी खाली काय चाललंय ते, मग वर कोण आहे, मग लय कुणी धरलीय आणि श्वास कुठे घेतला. एकदा तुझे भाऊजी आमच्यात येऊन बसले. फार मन लावून ऐकलं आणि म्हणाले, मला यात पंखा ऐकू येतो. गाढवाला गुळाची चव काय, असं एरवी बाबांनी तोंडावर सुनावलं असतं. या वेळी ते अर्ध्या ओठाने नुसते हसले, आणि ते हसू बघून मला रडूच आलं.

मग खोक्याच्या तळाशी तुझी टेप निघाली. संगीतशाळेत पाठवायची म्हणून बाबांनी दुकानात भरली होती, ती. लावू की नको, लावू की नको, असं करत लावली. तुला आठवत नसेल, पण ती फार चांगली आहे. सुरुवातीला तू जाड तारेवर एकच सूर धरतोस, जरा कापरा, चाचपडत. मग दोन पावलं वर, एक मागे. मध्ये मध्ये गप्प बसतोस, स्वभावाला धरूनच, आणि त्या गप्पपणात खालून बाबांच्या पायाचा ठेका ऐकू येतो, लाकडी फळ्यांवर, टक, टक, न चुकता. वर तू आणि खाली त्यांचा पाय. हळूहळू सूर वर सरकतो, बो आखूड व्हायला लागतो, आवाजाला धार येते, आणि मग अशी काही तगमग सुरू होते की मी बसल्या जागी पदराची टोकं पिळत होते. तू चढत चढत वरच्या नीपर्यंत येतोस आणि तिथे थांबतोस. सा समोर आहे, बोट जरा पुढे टाकलं की पोचलास, आणि तू टाकत नाहीस. नुसता तो नी धरून ठेवतोस.

नेमके तिथेच बाबा बेचैन झाले. डावा हात पलंगाच्या कडेवर आपटायला लागले, घशातून कसलासा आवाज काढायला लागले. मी घाबरून टेप बंद केली, तर आणखीच भडकले. दुसऱ्या दिवशी खोक्याकडे स्वतःच हात केला. दुसरी कुठलीही लावली की मान हलवायची, तुझीच हवी. पुन्हा त्याच जागी आपटाआपट, पुन्हा मी बंद केली. हे असं किती दिवस चाललं असेल. मला वाटलं, जित्याची खोड, अजून तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तुझा नी ऐकून आजही जीव जळतो आणि तो जाळून घ्यायलाच टेप मागतात. मनातल्या मनात मी त्यांना फार बोलले. एकदा मोठ्यानेही बोलले.

आपल्या घरात सूर अर्ध्यावर सोडायची चोरी होती, आठवतंय ना? तू जिन्यावर बसून सा पासून नी पर्यंत वाजवायचास आणि पळून जायचास. मग बाबा, हात सरसाने बरबटलेले असोत की समोर गिऱ्हाईक बसलेलं असो, खालून ओरडून सा लावायचे. आई होती तेव्हा ती न्हाणीघरातून लावायची. एकदा तर गिऱ्हाइकानेच लावला होता. असल्या घरात वाढलेला मुलगा भर टेप चालू असताना नीवर ठाण मांडून बसला, ते बाबांना कसं सोसणार? ठेका पुढे गेला आणि तू मागे राहिलास. पुढे चल, म्हणाले, ऐकणारे काय तिथे मुक्काम करणार आहेत? झालं. तू बो टेबलावर आपटलास आणि निघालास. मी तुझ्यामागे रस्त्यावर धावले. त्यामुळे त्यानंतर दुकानात काय झालं ते तुला माहीत नाही आणि मलाही नव्हतं. तू व्हायोलिन सोडलंस ते सोडलंसच. आता लिफ्ट दुरुस्त करतोस, आणि नुसता आवाज ऐकून कुठलं चाक झिजलंय ते सांगतोस म्हणे. सांगणारच. कान कुणाचे आहेत.

गेल्या आठवड्यात तुझी टेप चालू असताना खाली गिऱ्हाइकाने घंटी वाजवली. मी धावत गेले आणि टेप तशीच चालू राहिली. वर आले तेव्हा नुसती खरखर येत होती. बंद करायला हात पुढे केला, तर बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बोटं उमटली. पण चेहरा शांत होता. म्हणून मीही तशीच उभी राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग टेपवर खुर्ची सरकली, आणि कुणीतरी तुझं व्हायोलिन उचललं. मी तुझा हात ओळखते तसा त्यांचाही ओळखते. ते बाबा होते.

त्यांनी तुझी ती चढण मधूनच घेतली, पायाने ठेका धरून, आणि नीला जेमतेम शिवून सरळ सा वर गेले. अगदी बिनचूक, आणि अगदी कोरडं. थांबले. पुन्हा घेतलं, या वेळी तुझ्यासारखा नी धरून. पण पाय टक टक चालूच होता, त्यामुळे सूर आणि ठेका एकमेकांच्या अंगावर आले. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा घेतलं, नी धरला, आणि पाय थांबला. घुम्या, बाबांचा पाय थांबला. आईला नाही, मला नाही, मोठमोठ्या वाजवणाऱ्यांना नाही, तुझ्या नीला तो थांबला. खालचा ठेका गेल्यावर तो सूर एकटाच राहिला, आणि इतका एकटा राहिला की तू तिथे का थांबला होतास ते मला, मला ठोंबीलासुद्धा कळलं. सा त्यांनी लावलाच नाही. टेप तिथे संपते.

म्हणजे रोज ते मला सांगत होते, पुढे जाऊ दे, पुढे ऐक. आणि मी शहाणी रोज त्याच जागी बटण दाबत होते. त्यांनी हे तुला तेव्हाच का सांगितलं नाही, असं तू म्हणशील. तू तरी कधी विचारलंस? दोघेही एकाच माळेचे मणी. मला तुम्हा दोघांचाही राग येतो, आणि दोघांपैकी एकालाही तो नीट सुनावता येत नाही.

आता टेप शेवटपर्यंत ऐकतात, हात आपटत नाहीत. पण संपली की दाराकडे बघत राहतात. काल मी आपल्या घरच्या रीतीप्रमाणे सा लावला. चांगला लागला होता, तुझे भाऊजीसुद्धा बरं म्हणाले. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना माझा नको आहे. आणि फोनवर मी तुला ‘बरे आहेत’ म्हणते ते खरं नाही. दुसरा झटका कधीही येऊ शकतो असं डॉक्टर म्हणालेत, आणि तो आला तर काही हाती लागणार नाही. मला फार भीती वाटते. दुपारी ते झोपले की मी उगाचच वर जाते आणि छातीवरची चादर हलते का ते बघून येते.

तेव्हा तू ये. टेप पाठवणार नाही, नाहीतर तिथेच ऐकशील आणि ‘हं’ म्हणशील. माफीबिफी मागायला येऊ नकोस. त्यांना उलट काही म्हणता येणार नाही आणि तुला पुढे काय करावं ते सुचणार नाही. नुसता पलंगाशी उभा राहा आणि नी पासून पुढे वाजव. हवा तेवढा वेळ थांब, आता तुला कुणी पुढे चल म्हणणार नाही. तुझं व्हायोलिन मी काढून ठेवलंय. तारांखालची घोडी सरळ केली, बोच्या काठीला नवे केस बसवले, नव्या तारा चढवल्या. पण त्या सारख्या उतरतायत. सकाळी सुरात लावते, दुपारी बघते तर उतरलेल्या, पुन्हा खुंट्या पिळते, आणि पलंगावरून बाबा ऐकत असतात. वाजवल्याशिवाय त्या बसायच्या नाहीत, आणि मला नुसत्या लावता येतात.

तुझीच,
ताई